वाचक विचारतात : टोकनचा गोळा, मागचे इंजिन आणि डोंगरात शिरणारे रूळ

या अंकात सगळे प्रश्न रेल्वेचेच घेतले आहेत. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे मार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात आणि छोटी लाइनही (नॅरो गेज) अगदी अलीकडेपर्यंत इतवारीहून सुटत होती. त्यामुळे जुन्या, वेगळ्या वाटणाऱ्या गाड्यांबद्दलची पत्रे विदर्भातून सतत येत असतात. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न (इतवारी, नागपूर) : छोट्या लाइनची गाडी स्टेशनात न थांबता पुढे जायची, तेव्हा इंजिनातला माणूस एक मोठी रिंग खाली टाकायचा आणि फलाटावरून दुसरी रिंग दंडात अडकवून घ्यायचा. रिंगला चामड्याची पिशवी असे. तिच्यात काय असायचे? आणि ती मिळाली नाही तर काय व्हायचे?

पिशवीत धातूचा गोळा असायचा. पुढच्या स्टेशनापर्यंतच्या एकेरी मार्गावर जाण्याचा तो परवाना. रेल्वेत त्याला टोकन म्हणतात आणि या यंत्राचे नाव नील्स बॉल टोकन. दोन शेजारच्या स्टेशनांत एकेक यंत्र असते आणि ती दोन्ही तारेने जोडलेली असतात. समजा गाडी सावनेरहून केळोदला निघाली आहे. सावनेरचा स्टेशन मास्तर घंटेचे ठोके देऊन आणि फोनवर बोलून केळोदकडे लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागतो. केळोदचा मास्तर आपला मार्ग मोकळा असल्याची खात्री करून यंत्राची मूठ फिरवतो. त्यानंतरच सावनेरच्या यंत्रातून एक गोळा बाहेर पडतो. एकदा तो बाहेर आला की दोन्ही यंत्रे कुलूपबंद होतात. तोच गोळा केळोदच्या यंत्रात टाकला जाईपर्यंत (किंवा गाडी निघालीच नाही तर परत सावनेरच्या यंत्रात जाईपर्यंत) दुसरा गोळा कोणत्याही टोकाला निघत नाही. म्हणजे समोरासमोर दोन गाड्या सोडायच्या म्हटले तरी यंत्र सोडू देणार नाही. मास्तर झोपेत असो, घाईत असो, त्याच्या स्मरणशक्तीवर काहीच अवलंबून नाही. एवढी स्वस्त आणि एवढी भरवशाची व्यवस्था रेल्वेत फार थोडी झाली.

गोळ्यावर त्या दोन स्टेशनांची नावे आणि क्रमांक कोरलेला असतो. गोळा हातात आल्यावर ड्रायव्हरने तो पिशवीतून काढून वाचायचा, मगच वाफ उघडायची, हा नियम. लागून असलेल्या दोन विभागांतल्या (विभाग म्हणजे दोन शेजारच्या स्टेशनांमधला मार्ग) गोळ्यांची घडण मुद्दाम वेगळी ठेवतात. त्यामुळे एका विभागाचा गोळा शेजारच्या यंत्रात बसतच नाही.

घोटाळे व्हायचे ते साधे असायचे. रात्री अंधारात रिंग दंडात न अडकता खाली पडायची आणि पावसाळ्यात गवतात, नाहीतर पुलाखालच्या नाल्यात जायची. मग गाडी उभी करून कंदील घेऊन शोधाशोध. गोळा सापडलाच नाही तर त्या विभागाची यंत्रे बंद ठेवून कागदावर कारभार चालायचा. स्टेशन मास्तर फोनवर पुढच्या स्टेशनाशी बोलून गुप्त क्रमांकांची देवघेव करायचा, तो क्रमांक टाकून कागदी लाइन क्लिअर तिकीट लिहायचा आणि ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. जिथे मुळात यंत्रेच नव्हती तिथे रोजचा कारभार याच तिकिटावर चाले. दुसरा घोटाळा म्हणजे गोळा यंत्रात न पडता चुकून पिशवीसकट आणखी पुढच्या स्टेशनाला निघून जाणे. तो परत येईपर्यंत मागचा विभाग अडकून पडे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. एकाच दिशेने जास्त गाड्या गेल्या की गोळे एका टोकाला साठतात आणि दुसऱ्या टोकाचे यंत्र रिकामे होत जाते. मग सिग्नल खात्याचा माणूस येऊन, रीतसर नोंद करून, गोळे मोजून इकडचे तिकडे नेतो. स्टेशन मास्तरला ते परस्पर करण्याची मुभा नसते.

प्रश्न (वर्धा) : मुंबईहून येणाऱ्या सेवाग्राम एक्सप्रेसला बल्लारशाहचे डबे असायचे आणि ते वर्ध्याला वेगळे व्हायचे. घरातले जुने लोक म्हणतात की पूर्वी डबे धावत्या गाडीतून सुटायचे. हे खरे आहे का?

वर्ध्याला नाही. तिथे गाडी पूर्ण उभी राहायची आणि मगच डबे तोडले जायचे. धावत्या गाडीतून डबा सोडण्याची पद्धत इंग्लंडमध्ये होती. १८५८ पासून ती चालली आणि १९६० मध्ये तिथला असा शेवटचा डबा सुटला. त्या डब्यात स्वतंत्र गार्ड बसलेला असे. ठरलेल्या जागी तो जोड सोडवायचा, मुख्य गाडी तशीच पुढे निघून जायची आणि डबा हातातल्या ब्रेकवर फलाटाशी आणून थांबवायचा.

वर्ध्याचे काम वेगळे आणि त्याचा क्रम पक्का असायचा. आधी दोन डब्यांमधली जा-ये बंद करून टोकाचे दरवाजे लावायचे आणि मधला पडदा सोडवायचा. मग ब्रेकचे होजपाइप. व्हॅक्यूम ब्रेकच्या काळात पाइप सुटला की आत हवा शिरायची आणि दोन्ही भागांचे ब्रेक आपोआप लागायचे. मुख्य गाडीच्या शेवटच्या पाइपाचे तोंड डमीवर (ते बंद करणाऱ्या बुचावर) बसवले की इंजिन पुन्हा निर्वात करू शके. एअर ब्रेकमध्ये उलटे आहे. जोडाच्या दोन्ही बाजूंचे कॉक आधी बंद करावे लागतात, नाहीतर पाच किलो दाबाचा पाइप सुटताना माणसाला फटकावतो. त्यानंतर स्क्रू कपलिंग ढिले करून उचलायचे. शेवटी टेल लॅम्प आणि ‘एल. व्ही.’ची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी नव्या शेवटच्या डब्याला लावायची. ही पाटी विसरली तर पुढच्या स्टेशनाचा मास्तर गाडी पूर्ण आली असे धरत नाही आणि मागची वाहतूक थांबते. गाडीचा काही भाग तुटून वाटेत राहिला असेल, असेच त्याने समजायचे असते.

सगळ्यात महत्त्वाची ती शेवटची तपासणी. नवे इंजिन जोडल्यावर ड्रायव्हर ब्रेक लावतो आणि गार्ड आपल्या व्हॅनमधला काटा खाली येतो का ते पाहतो. मधला एखादा कॉक बंद राहिला असेल तर पुढच्या डब्यांना ब्रेक लागतो, मागच्यांना लागत नाही, आणि वरवर पाहता गाडी अगदी व्यवस्थित दिसते. कितीही उशीर झाला तरी ही तपासणी गाळायची नसते.

डबे तुटल्यावर दिवे का विझत नसत, असे आणखी एका पत्रात विचारले आहे. त्या काळी प्रत्येक डब्याखाली आसाच्या पट्ट्यावर फिरणारा डायनामो आणि बॅटरी असे. गाडी उभी असताना बॅटरीवर दिवे चालत. मात्र डबे तासन्तास उभे राहिले की दिवे मंदावत आणि पंखे रेंगाळत. नागपूरवरून जाणाऱ्या दक्षिण एक्सप्रेसचे विशाखापट्टणमचे डबेही याच रीतीने काझीपेठला वेगळे होत.

प्रश्न (पांढुर्णा) : इटारसीकडून येताना धाराखोहला मालगाडीच्या मागे आणखी इंजिने लावतात. सगळी पुढेच का लावत नाहीत? आणि घाटात मुख्य मार्गातून फुटून वर डोंगराकडे जाणारे आणि तिथेच संपणारे रूळ कशासाठी?

धाराखोह ते मरामझिरी आणि तुमच्याजवळचा तिगाव ते चिचोंडा, हे नागपूर-इटारसी मार्गावरचे दोन चढ. मागच्या इंजिनाला बँकर म्हणतात. सगळी इंजिने पुढे लावली तर संपूर्ण गाडीचे ओझे पहिल्या वॅगनच्या कपलिंगवर येते. सपाटीवर ते चालून जाते, पण चढावर कपलिंग तुटते. निम्मे ओझे मागून ढकलले की कपलिंगवरचा ताण तेवढाच कमी होतो. शिवाय मधेच जोड तुटला तरी मागचा भाग उतारावर सुटत नाही, बँकर त्याला टेकू देऊन उभा असतो.

धोका मात्र ढकलण्यातच आहे. पुढच्या इंजिनाने गाडी ताणून धरण्याआधी मागच्याने जोर लावला, तर मधल्या वॅगन एकमेकींवर दाबल्या जातात. त्यांत एखादी रिकामी असेल आणि ती नेमकी वळणावर असेल, तर ती उचलली जाऊन रुळावरून उतरते. म्हणून शिट्ट्यांचा करार असतो. पुढचा ड्रायव्हर शिटी देतो, मागचा तशीच परत देतो, पुढचा हळूच ओढून जोड ताणतो, आणि मगच मागचा जोर देतो. ब्रेकचा पाइप बँकरपर्यंत जोडलेला असतो, पण ब्रेक लावण्याचा-सोडण्याचा ताबा पुढच्या ड्रायव्हरकडेच ठेवतात. दोघांनी आपापल्या मनाने ब्रेक हाताळला तर गाडीत झटके बसतात.

डोंगराकडे चढून संपणारे रूळ म्हणजे कॅच सायडिंग. उतारावरून ब्रेक निकामी होऊन आलेली गाडी स्टेशनात शिरू नये म्हणून तिला बाजूला, चढावर घ्यायचे आणि तिचा वेग चढानेच मारायचा. स्टेशनाकडे येणारा उतार ८० फुटांना १ फुटापेक्षा तीव्र असेल तर अशी सायडिंग लागते. याउलट उतार स्टेशनापासून दूर जात असेल आणि १०० ला १ पेक्षा तीव्र असेल, तर स्लिप सायडिंग असते. स्टेशनातून एखादा डबा गडगडत पुढच्या विभागात जाऊ नये म्हणून ती.

कॅच सायडिंगचे सांधे (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे सरकते रूळ) नेहमी डोंगराच्या बाजूनेच लावून ठेवलेले असतात. उतरणाऱ्या गाडीला सांध्यांपुढे थांबावे लागते. ती खरोखर थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत, हे सिद्ध झाले की सांधे मुख्य मार्गाला फिरतात. न थांबलेल्या गाडीला आपोआप डोंगर मिळतो. कुणी धावत जाऊन सांधे बदलण्याची वेळच येऊ नये, हा त्यामागचा विचार. भोर घाटात आणि थळ घाटातही हीच रीत आहे.

भोर घाटाची आणखी एक जुनी तऱ्हा सांगण्यासारखी आहे. १८६३ मध्ये तो मार्ग ३७ ला १ चढाने सुरू झाला, तेव्हा एका कड्यावर वळण घ्यायला जागाच नव्हती. म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केले. गाडी टोकाच्या रुळावर जाऊन थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला यायचे, आणि गाडी शेपटीकडून पुढचा घाट चढायची. नव्या आखणीने १९२९ मध्ये ते टळले.

प्रश्न (मोहन नगर, नागपूर) : आमच्या भागातला डायमंड क्रॉसिंग पाहायला लोक येतात. तिथे सांधे नसतात, मग गाड्या वाट चुकत नाहीत का? आणि खडखड एवढी का होते?

सांधे नसल्यामुळेच वाट चुकत नाही, कारण तिथे वळायची सोयच नाही. दोन मार्ग आडवे छेदतात आणि गाडी सरळ पार होते. छेदाच्या चारही कोपऱ्यांत रुळाला फट ठेवावी लागते, कारण दुसऱ्या मार्गाच्या चाकाची कड तिथून जायची असते. चाक त्या फटीवरून जाताना आदळते, तीच खडखड. फटीसमोर आतल्या बाजूने जो जोडीचा रूळ दिसतो तो चेक रेल. फटीवर चाकाला आधार नसताना तो दुसऱ्या चाकाला धरून सरळ ठेवतो. फटीची टोके झिजतात, वारंवार वेल्डिंग करून भरावी लागतात, आणि तरीही वेगावर बंधन राहतेच. धडक टळते ती इंटरलॉकिंगमुळे. एका मार्गाचा सिग्नल हिरवा असताना आडव्या मार्गाचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही.

हा छेद एकदम तयार झाला नाही. मुंबईकडून रेल्वे १८६७ मध्ये नागपुरात आली. पूर्वेकडे राजनांदगावची लाइन १८८० च्या सुमारास झाली, पण ती मीटर गेजची होती. म्हणजे छत्तीसगडचे धान्य नागपुरात उतरवून पुन्हा भरावे लागे. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती लाइन घेऊन रुंद केली. इटारसीचा मार्ग १९२० च्या दशकात पूर्ण झाला आणि १९२९ मध्ये बल्लारशाह-काझीपेठ जोडले गेल्यावर उत्तर-दक्षिण मार्ग सलग झाला.

प्रश्न (उमरेड) : छोट्या लाइनच्या वॅगन इतवारीत मोठ्या लाइनच्या वॅगनशी जोडता का येत नसत? आणि नागपूरच्या मोतीबाग रेल्वे संग्रहालयात मुलांना नेमके काय दाखवावे?

रुंदी हा पहिला अडथळा. मोठी लाइन १६७६ मिलिमीटर, छोटी ७६२, म्हणजे अडीच फूट. पण जोडही वेगळा असतो. जुन्या मोठ्या लाइनच्या डब्याला दोन बाजूंना दोन बफर आणि मधे कपलिंग. छोट्या लाइनला मधोमध एकच बफर आणि त्यातच हूक. छोटी लाइन फार तीव्र वळणे घेते. बाजूचे बफर तिथे एकमेकांत अडकतात आणि डबा रुळावरून ओढतात, म्हणून ते ठेवलेच नाहीत. परिणामी सगळा माल हमालांच्या पाठीवरून एका वॅगनमधून दुसऱ्या वॅगनमध्ये जायचा. त्यात वेळ जायचा, पोती फाटायची, माल कमी भरायचा, आणि वॅगन अडकून राहिल्याचा दंड वेगळा. छोट्या लाइनची वाहतूक ट्रकने खाल्ली त्याचे मोठे कारण ही अदलाबदल होती, असे आमचे मत आहे.

मग अरुंद लाइन टाकलीच का? डोंगरात आणि जंगलात खर्च वाचतो म्हणून. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेवर कॅलथ्रॉप या इंजिनिअराने दाखवून दिले होते की आसावरचे ओझे ५ टनांच्या आत ठेवले, तर दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरतो. त्यासाठी इंजिनाचे वजन जास्त चाकांवर पसरायचे. छिंदवाड्याच्या वाटेवरच्या भंडारकुंड-भिमालगोंदीच्या घाटात रुंद लाइनला बोगदे आणि उंच पूल लागले. छोटी लाइन तोच डोंगर वळसे घेत चढत होती.

मोतीबागचे संग्रहालय डिसेंबर २००२ मध्ये उघडले. तिथे ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीचे सीसी वर्गाचे वाफेचे इंजिन आहे. मुलांना आधी मधला बफर दाखवा, मग रुळांमध्ये उभे करून अडीच फूट किती असतात ते त्यांनाच पावलांनी मोजू द्या. छिंदवाड्याची छोटी लाइन २०१५ मध्ये आणि तुमची नागभीडची लाइन नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली, हेही सांगा.

प्रश्न (यवतमाळ) : शकुंतला (मूर्तिजापूरहून सुटणारी आमची छोटी लाइन) सरकारची का झाली नाही? वाफेचे इंजिन इतकी वर्षे कसे टिकले?

मूर्तिजापूर-यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर-अचलपूर हा मार्ग किलिक निक्सन कंपनीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. तो वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे न्यायला टाकला. गाड्या चालवण्याचा करार मोठ्या रेल्वेशी होता, मालकी कंपनीचीच राहिली. स्वातंत्र्यानंतर बाकीच्या रेल्वे सरकारने घेतल्या तरी हा करार पुढे चालू राहिला.

मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेले झेडडी इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत चालले. वेग कमी, ओझे हलके आणि विभागात एकच गाडी, म्हणून. एकच गाडी असली की समोरून दुसरी येण्याचा प्रश्न नाही, सिग्नल लागत नाहीत, टोकनची यंत्रे लागत नाहीत. माणसेही थोडी पुरत. फाटकापुढे गाडी थांबायची, सोबतचा कर्मचारी उतरून फाटक लावायचा, गाडी पार झाली की उघडून परत चढायचा. तिकिटेही गार्डच द्यायचा. यात दोष काढण्यासारखे काही नाही. खेड्यापाड्यांतल्या लोकांना परवडेल अशा तिकिटात गाडी चालवायची तर खर्च असाच आवरावा लागतो. घात झाला तो रुळांचा. स्लीपर कुजत गेले, खडी भरली गेली नाही, तसतशी वेगाची मर्यादा खाली येत गेली.

प्रश्न (सातवीचा विद्यार्थी, सावनेर) : एकाच रुळावर चालणारी गाडी भारतात होती का?

होती, पंजाबात. पतियाळा संस्थानाने १९०७ मध्ये ती सुरू केली आणि १९२७ पर्यंत ती चालली. रस्त्याच्या कडेला एकच रूळ. डब्याची दोन्ही बाजूंनी कड असलेली छोटी चाके त्या रुळावर चालायची. डबा पडू नये म्हणून बाजूला आडवा दांडा आणि त्याला एक मोठे चाक, ते रस्त्यावर फिरायचे. बहुतेक सगळे वजन रुळावर, अगदी थोडे रस्त्यावरच्या चाकावर. ही युइंग पद्धत. वेगळी जमीन घ्यावी लागत नाही आणि रूळ निम्मे लागतात, हा तिचा फायदा. संस्थानाकडे खेचरे पुष्कळ होती, त्यामुळे ती खेचरांनीही ओढली जायची. जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीची चार वाफेची इंजिनेही घेतली होती. रस्ता खराब झाला की बाजूचे चाक खड्ड्यात जायचे आणि सगळा डबा कलायचा. मोटारी आणि चांगले रस्ते आल्यावर ती बंद पडली. तिचे दुरुस्त केलेले इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. दिल्लीला गेलास तर रस्त्यावर टेकणारे ते मोठे चाक आणि त्याचा दांडा मुद्दाम जवळून पाहा.